पाहुण्याने पेला उचलला

ठक, ठक... ठक्क.

फणी धरलेला रस्मियाचा हात लेकीच्या केसांतच थांबला. नवऱ्याला, मुतलकला, पुरल्यापासून या घरात कॉफी कुटायच्या लाकडी खलाला कुणी हात लावला नव्हता. रक्ताचा सूड घेईपर्यंत या दारात कुणाला कॉफी मिळणार नाही, असं दिरानं, अवदनं, कबरीवर हात ठेवून सांगितलं होतं.

फिद्दाची अर्धी वेणी तशीच सोडून ती पुढच्या अंगणात गेली. सासरे, धियाब, मांडीत खल धरून भाजलेले दाणे कुटत होते.

"कोण येतंय, मामंजी?"

"गेर्शोन." त्यांनी मान वर केली नाही. "शेजारच्या गावचे शेख त्याला घेऊन येतायत. माफी मागायला."

"आणि तुम्ही देणार?"

"तो माझ्यासमोर पेला न पिता खाली ठेवील, माफी मागेल. मी 'पी' म्हणेन. मिटलं."

"मिटलं! मांजर मेलं होतं का आपलं?"

"आवाज खाली, पोरी. मला दोन मुलगे होते. एक उरलाय. तोही मातीत घालू?"

"जमीन घेतली, वर माणूस घेतला—"

"जमीन बैरूतच्या जमीनदारानं विकली. जन्मात कधी पाय ठेवला नाही इथं, आणि माझ्या आज्यानं दगड वेचून केलेलं शेत कागदावर सही करून विकलं. जा, त्याचा गळा धर! वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस."

"बैरूत लांब आहे," रस्मिया म्हणाली. "हा जवळ आहे."

परका असता तर एवढं जळलं नसतं. गेर्शोन यहुद्यांच्या नव्या वसाहतीचा राखणदार. जमीन विकली जाण्याआधी किती संध्याकाळी तो याच चटईवर बसला होता. रशियातल्या त्याच्या गावात जमावानं त्याच्या बापाला दुकानासकट जाळलं, ते त्यानं मोडक्या अरबीत सांगितलं तेव्हा मुतलकच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढं शेत वसाहतीकडं गेलं. नांगरणीचे दिवस आले तशी मुतलकनं दरवर्षीसारखी बैलं जुंपली. "शेताला कुठं ठाऊक मालक बदलला ते?" असं हसत म्हणून गेला. गेर्शोननं हाका मारल्या, मग गोळी झाडली. बैलं बुजवायला झाडली, म्हणे; लागली मुतलकला.

दुपारी पाहुणे आले. रस्मिया फिद्दाला जवळ घेऊन पडद्याआड उभी राहिली. गेर्शोन निःशस्त्र होता, टोपी हातात, दाढी वाढलेली. शेखांनी पढवल्याप्रमाणे तो दाराशी वाकला. अवद खांबाला टेकून बघत होता. धियाबांनी कॉफी ओतली आणि पेला पुढं केला.

सगळे थांबले. आता तो पेला खाली ठेवणार आणि मागणं मागणार.

गेर्शोन एका घोटात कॉफी प्यायला.

शेखांनी डोळे मिटले. मागायला आलेला माणूस मागणं मान्य झाल्यावर पितो. आधीच प्यायला, तर त्याला काही मागायचंच नाही.

असं का झालं, ते रस्मियाला कळलं. याच अंगणात मुतलकनं त्याला शिकवलं होतं, "आमच्यात पेला ताटकळत ठेवायचा नसतो, गेर्शोन. यजमानाचा अपमान होतो." तिनं स्वतः ऐकलं होतं. तो मेलेल्याचा शब्द पाळत होता. धियाबांनाही ते उमगलं असावं, कारण दुसऱ्यांदा ओतायला त्यांचा हात कॉफीच्या भांड्याकडं गेला, ओठ हलले.

रस्मियानं पडदा बाजूला सारला.

"प्यायला! बघा, मुतलकच्या रक्ताची माफी न मागता प्यायला!"

"काय... काय केलं मी?" गेर्शोन रिकामा पेला धरून उभा राहिला. "धियाब, काय चुकलं?"

"अरे, त्याला ही रीत ठाऊक नाही!" शेख ओरडले.

"जमीन कशी घ्यायची ती रीत बरी ठाऊक होती!" अवद पुढं आला. "नीघ. या अंगणात आहेस तोवर पाहुणा आहेस. वेशीपलीकडं पाहुणा नसतो कुणी."

शेखांनी गेर्शोनला दंडाला धरून बाहेर काढलं. दाराशी त्यानं एकदा मागं वळून बघितलं. रस्मियानं नजर हटवली नाही. कित्येक रात्री तिनं हेच मागितलं होतं: तो घाबरलेला दिसावा.

अवदनं तुळईवरची बंदूक काढली आणि जैतुनांच्या झाडांतून आडवाटेनं निघाला. धियाबांनी त्याला हाक मारली नाही.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं.

"झालं."

आणि खरंच झालं होतं. छातीवरचा दगड कुणी उचलून नेल्यासारखा श्वास खोल गेला. तिनं भाकरी गरम केली, तेलात बुडवली, फिद्दाला मांडीवर घेऊन घास भरवू लागली. पोरीचे गाल उन्हानं तापले होते. तिनं एकाचा मुका घेतला. कान मात्र जैतुनांकडं होते. तिथून अजून काही ऐकू येत नव्हतं.

फिद्दानं घास गिळला. आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"यम्मा, आधी पिऊ नको, म्हणून त्याला कुणीच का नाही सांगितलं?"