दोन तासांच्या पुढचे कॉल

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्याला सगळे ‘सरासरी’ म्हणत. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण चपखल बसलं होतं. कॉल किती आले, किती लागले, किती वेळ चालले हे मोजणं त्याचं काम, आणि वीस वर्षं मोजून मोजून त्याची खात्रीच झाली होती की माणूस म्हणजे तीन मिनिटं. कुणाचा बाप गेला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं फाटलं, सगळं धरून सरासरी तीन मिनिटं. कॉलच्या वर्दळीला तिथे ट्रॅफिक म्हणत, म्हणून नातेवाईक विचारत, “तू ट्रॅफिक विभागात ना? मग शिट्टी कुठाय तुझी?” त्याला त्याचं हसू येत नसे.

अख्खं एक्स्चेंज त्या तीन मिनिटांवर उभं होतं. आठ हजार फोन, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाशी जोडणाऱ्या लाइनी जेमतेम सहाशे. सगळे एकदम बोलत नाहीत, बोलले तरी लवकर ठेवतात, म्हणून भागत होतं. मग घराघरांत कॉम्प्युटर आले आणि फोनच्या तारेतून चिरकत इंटरनेटला जाऊन चिकटू लागले. स्थानिक कॉलला आकार एकदाच, मग तीन मिनिटं चालू ठेवा नाहीतर दिवसभर. दोन घोट प्यायला आलेल्याने नळालाच तोंड लावून बसावं तसं झालं. सकाळी अकराला डॉक्टरला फोन लावावा तर लाइनच मिळेना, आणि शिव्या खायला एक्स्चेंज.

खरा उपाय सरासरीनेच कागदावर मांडला होता. इंटरनेटचे कॉल नंबरावरून आधीच ओळखायचे आणि मुख्य यंत्रात शिरू न देता वेगळ्या वाटेने काढून द्यायचे. उपाय सगळ्यांना पसंत होता. यंत्रं पुढच्या वर्षी येणार होती, आणि आमच्या ऑफिसांतलं पुढचं वर्ष कधी येतं ते जगाला माहीत आहे.

“तोवर काय करायचं ते बोला,” बैठकीत साहेब म्हणाले.

“सरसकट तोडू,” सरासरी म्हणाला. “सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, दोन तास झाले की कॉल आपोआप तुटेल. ती सोय यंत्रात आहेच.”

“आणि कुणी खरंच बोलत असेल तर?” ऑपरेटरांच्या प्रमुख बाईंनी विचारलं.

“बाई, माणूस दोन तास बोलत नाही. दोन तास चालला म्हणजे तो कॉल यंत्राचा.”

सगळे हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत, पण बाईंना विचारतो कोण?

सोमवारी कात्री सुरू झाली. बुधवारी जेवताना त्याची आई म्हणाली, “अरे, आपल्या फोनला काय झालंय? रोज बारा वाजले की तुटतो.”

त्याचा घास हातातच राहिला. “तू दहापासून बारापर्यंत कुणाशी बोलतेस?”

“बोलते कुठे? धाकटीकडे लावून ठेवते.”

धाकटी म्हणजे त्याची मावशी. दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा भाग गेला, वाचा गेली. उरला एक डावा हात आणि एक ‘हं’. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर एकटी राहायची. तिला इथे आणावं तर हे घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लिफ्ट नाही. सांभाळणारी बाई सकाळी येऊन सगळं आवरायची, दहाला आईचा फोन आला की रिसीव्हर उशीवर, मावशीच्या डाव्या कानाशी टेकवायची आणि कुलूप लावून दुसऱ्या कामांवर जायची. सहाला परत यायची. इकडे आईही रिसीव्हर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून कामाला लागायची. भाजी चिरताना सांगायची, भाजी चिरतेय. कुकरची शिट्टी झाली की म्हणायची, ऐकलीस? तिकडून ‘हं’ यायचं. आठ तासांत शब्द किती, तर मोजून पन्नास. दोन वर्षं दोघी बहिणी अशा एका घरात राहत होत्या, आणि आई मावशीला ‘रोज फोन करते’ एवढंच सरासरीला माहीत होतं. त्याने आपली तीन मिनिटं धरली होती.

“मग परत लाव ना,” तो म्हणाला.

“लागेल कसा? तिचा रिसीव्हर उशीवरच पडलेला. एंगेज येतो सहापर्यंत.”

हे त्याला तिने सांगायची गरज नव्हती. त्याला पुढचंही माहीत होतं. कॉल तुटला आणि रिसीव्हर उचललेलाच राहिला की एक्स्चेंज त्या फोनवर कर्कश भोंगा सोडतं, माणसाने फोन नीट ठेवावा म्हणून. चांगली पाच मिनिटं. तो भोंगा कुणाच्या कानात वाजत होता, याचा विचार करायला त्याला कुणी पगार देत नव्हतं. आईला तो यातलं काही बोलला नाही.

“लाइनचं काम चालू आहे,” तो म्हणाला. “बघतो.”

बघण्यासारखं होतं. कात्रीतून वगळायच्या नंबरांची एक यादी होती: दवाखाने, अग्निशमन, पोलीस. गुरुवारी सकाळी त्याने ती उघडली, घरचा नंबर टाइप केला आणि थांबला. उद्या कुणी बघितलं तर? कात्री लावणाऱ्याचंच घर यादीत! लोक तोंडात शेण घालतील. त्याने नंबर पुसला आणि त्याला स्वतःबद्दल बरंही वाटलं. प्रामाणिकपणाची हीच तर गंमत आहे, घरच्यांवर चालवायला तो फार सोपा असतो.

शुक्रवारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. लाइनी मोकळ्या झाल्या होत्या, वरून शाबासकी आली होती. चहा संपता संपता साहेब म्हणाले, “आमच्या चिरंजीवांचं तेवढं सारखं तुटतं हो. अभ्यास करतो म्हणतो इंटरनेटवर. काही होण्यासारखं असेल तर बघा.”

दोन मिनिटांत साहेबांच्या घरचा नंबर यादीत गेला. सरासरीपेक्षाही कमी वेळात. संध्याकाळी त्याने ते बायकोला हसत हसत सांगितलं. “अभ्यास कसला, गोळीबाराचे खेळ खेळतो दिवसभर!” आई खिडकीशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने मात्र एकदा सरळच विचारलं. “त्या यादीत आपला नंबर बसतो का रे?”

“आई, नियम म्हणजे नियम. मीच मोडला तर?”

“बरं,” आई म्हणाली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या दिवशी बाराला फोन तुटल्यावर ती बहात्तर वर्षांची बाई दुखरे गुडघे घेऊन तीन मजले उतरली, दोन बस बदलून धाकटीच्या घरी गेली आणि कुलूप लावलेल्या घराच्या खिडकीबाहेर उभी राहून गजांतून तिच्याशी बोलत राहिली. परत आल्यावर दोन दिवस तिला उठता आलं नाही.

कात्री लागून सात आठवडे झाले त्या मंगळवारी संध्याकाळी सहाला बाईने कुलूप उघडलं, तेव्हा मावशी गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, दोनच्या सुमारास गेली असावी. रिसीव्हर पलंगाखाली लोंबत होता.

सगळं उरकून लोक पांगल्यावर, चार दिवसांनी, आई टेलिफोनच्या टेबलाशी बसली होती. घडी केलेला टॉवेल अजून तिथेच होता. सरासरी समोर येऊन बसला. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं आणि तो खोटं बोलला.

“त्या दिवशी आपण तोडला नसेल गं. तिच्याच हातून रिसीव्हर पडला असणार, म्हणून बंद पडलं.”

“पडला असता तर धप्पकन वाजलं असतं. मी इथेच होते.” आई शांतपणे म्हणाली. “बाई सांगत होती, रोजच पलंगाखाली सापडायचा. काहीतरी भयंकर वाजतं म्हणे त्यात. तेवढ्या एका हाताने ढकलून द्यायची ती.” मग तिने विचारलं, “तुमच्याकडे वेळ लिहून येते ना? त्या दिवशी किती वाजता तुटला?”

त्याने तो कागद काढून पाहिला होता. बुधवारीच, सगळ्यांच्या आधी ऑफिसात जाऊन.

“बारा वाजून चार मिनिटांनी.”

“आणि ती गेली दोनला.”

“सुमारे,” तो म्हणाला, आणि आपली जीभ हासडून टाकावी असं त्याला वाटलं.

आईने टॉवेल उचलला, झटकला, पुन्हा घडी घातली आणि मांडीवर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं.

“साहेबांच्या पोराचं चालतंय ना रे नीट?” तिने विचारलं. “मधेच तुटत नाही ना आता?”