गुरुनाथकाकांचा इंग्रजद्वेष

व्हिसावर आलेल्या आई-बापांचं अमेरिकेत जन्मलेलं मूल आपोआप अमेरिकन होतं का, हा वाद कोर्टात पेटला आणि मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळाने लगेच गुरुनाथकाकांचं भाषण ठेवलं. काका कार कंपनीतून रिटायर झालेले, अमेरिकन नागरिक. पुढच्याच रांगेत उपासना बसली होती, तिला आठवा महिना. ती आणि नवरा प्रफुल्ल दोघंही वर्क व्हिसावर, त्यामुळे वाद तिच्या पोटातल्या बाळाचाच होता.

"राजाच्या जमिनीवर जन्मला तो राजाची प्रजा, हा इंग्रजांचा जुना कायदा," थ्री-पीस सूटमधले काका गरजले. "राजाला झुगारून अमेरिका उभी राहिली, आणि तिची घटना वाचायची राजाच्या चष्म्यातून? ही गुलामी आहे!"

टाळ्या पडल्या. उपासनाने हात वर केला.

"मग मूल कुठलं, हे कशावरून ठरवायचं, काका?"

"बापावरून. त्याचं मूळ कुठलं, निष्ठा कुणाशी, ते बघायचं."

"माझ्या आजोबांच्या शाळेत गुरुजी तेच बघायचे. बाप कोण, वस्ती कुठली. मग आत बसवायचं की व्हरांड्यात, ते ठरायचं. इंग्रजांचा राजा काही संत नव्हता, पण निदान या कायद्यात त्याने बापाचं कूळ विचारलं नाही."

"अगं, यात जात कुठून आणलीस?"

"मी जातीचं नावही घेतलं नाही, काका. तुम्हीच घेतलंत."

तेवढ्यात मीनाक्षीकाकूंनी चहा ओतता ओतता विचारलं, "अहो, आपला आर्य झाला तेव्हा तुम्ही तरी कुठे सिटिझन होतात? व्हिसावरच होतात ना?"

मागून तिशीतला आर्य ओरडला, "वेट, डॅड! मग मी कोण?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी," काका टाय सैल करत म्हणाले. "तेव्हा क्वालिटी लोक यायचे."

हॉल हसला. उपासना हसली नाही.

"सोड ना, यार," गाडीत प्रफुल्ल म्हणाला. "बोलून मोकळे झाले ते."

"त्यांचा मुलगा सिटिझन होऊन मोकळा झालाय, म्हणून."

महिन्याभराने उपासनाला मुलगी झाली, मैत्री. काका-काकू फुगे घेऊन हॉस्पिटलमध्ये आले. काकांनी पाळण्यावर वाकून घसा खाकरला.

"वेलकम टू अमेरिका, बेबी!"

"ती कुठून आलेली नाही, काका," उपासना म्हणाली. "ती इथलीच आहे."

काकांनी प्रफुल्लला विचारलं, इथे पार्किंग फ्री आहे का.