मापाचा कागद

भिवाजीने बुटाची टाच एका हातात आणि टोक दुसऱ्या हातात धरलं आणि पोळी दुमडावी तसा तो मधोमध दुमडला. मग सोडून दिला. बूट हळूहळू सरळ झाला, पण पुरता नाही. टोक जरा वरच राहिलं.

"हा नाई," म्हणत त्याने तो खोक्यावर ठेवून दिला.

कारंज्याच्या बाजारातलं हे दुकान बदरुद्दीनच्या वडिलांपासून चालत आलेलं. इथे येणारं गिऱ्हाईक बूट पायात घालतं, दोन पावलं चालतं, आरशात डोकावतं आणि मग भावावरून हुज्जत घालतं. बूट पिळणारं, तळाला नख ओढून पाहणारं, नाक लावून रबराचा वास घेणारं गिऱ्हाईक बदरुद्दीन पहिल्यांदाच पाहत होता. अर्ध्या तासात पाच जोड नापास झाले होते. तपकिरी कॅनव्हास मळखाऊ होता, पण लग्नात शोभणारा नव्हता. खिळे ठोकलेले फुटबॉलचे बूट घालून कोणाच्या घरी बसायला जाता येत नाही. बिनलेसचे दिसायला झकास होते, पण वळणावर पळताना टाच बाहेर येणार, हे भिवाजीने न घालताच सांगून टाकलं.

"तुमी मास्तर हाये का खेळाचे?" बदरुद्दीनने शेवटी विचारलं.

आपण कामरगावच्या शाळेत शिपाई आहोत, हे भिवाजीने असं सांगितलं की ऐकणाऱ्याला शिपाई हा हेडमास्तरच्या वरचा हुद्दा वाटावा. आणि एका बाबतीत ते खरंही होतं. मैदान आखावं ते भिवाजीनेच. पोत्यातून चुन्याची फक्की सोडत तो चालायला लागला की दोरी न लावता चारशे मीटरचं वळण उमटायचं, आणि बाहेरच्या शाळांचे सर कौतुकाने त्याला चहा पाजायचे. वीस वर्षं त्या मैदानावर त्याने पोरांचे पाय पाहिले होते. कोण कुठे घसरतं आणि कशाने घसरतं, हे त्याला तोंडपाठ होतं.

त्यातले सगळ्यात नामी पाय त्याच्याच घरातले होते. त्याची अंजना दोन वर्षं अकोल्याला जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली, तीही अनवाणी. बौद्धवाड्यातल्या घरात तिच्या बक्षिसाच्या ढाली ठेवायला भिंतीला वेगळी फळी ठोकावी लागली होती. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला पुढच्या थांब्याच्या आत ही गोष्ट कळली नाही, असं कधी झालं नव्हतं. शाळा संपली तरी अंजना पहाटे मैदानाला चकरा मारायची. फक्कीवर तिचं पाऊल उमटलं की भिवाजी ते ओळखायचा. लहानपणी कापसाच्या शेतात पऱ्हाटीचं खुंट लागून तिच्या उजव्या पायाची करंगळी वर उचलली गेली होती ती कायमची. तिच्या त्या पावलाला चारच बोटं उमटत.

महिन्यापूर्वी हे बंद झालं. बंद त्यानेच केलं होतं.

जऊळक्याच्या स्टेशनावर पॉइंट्समन असलेला जगदेव मुलगी पाहायला आला तेव्हा त्याने सबंध बैठकीत एकच प्रश्न विचारला. फळीकडे पाहत तो अंजनाला म्हणाला, "अजून पळता का तुमी?" अंजनाने तोंड उघडायच्या आत भिवाजीच बोलला होता. ते शाळेतलं होतं, आता सोडलं तिनं, घरच्या कामात लई हुशार हाये. पळणारी सून कोणाला पाहिजे असते, असा त्याचा साधा हिशेब. जगदेवने मान हलवली आणि पोहे संपवले. सोयरीक जुळली. शब्द खोटा पडू नये म्हणून भिवाजीने त्याच संध्याकाळी अंजनाला मैदानावर जायचं नाही असं सांगितलं. तिने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला त्यानंतर कितीदा तरी वाटून गेलं.

आता लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. नवरदेवाचे बूट मुलीकडच्यांनी द्यायचे ही रीत, म्हणून कसे आणू असं भिवाजीने पत्राने विचारलं होतं. उत्तर चार ओळींचं आलं. चामड्याचे नकोत. पांढरे कॅनव्हासचे घ्या. मैदानात पळता आलं पाहिजे आणि चारचौघांतही घालता आले पाहिजेत. मापाचा कागद सोबत आहे.

भिवाजीची बायको भागिरथा करकर वाजणाऱ्या चामडी बुटांचं स्वप्न पाहत होती. पत्र ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"नवरदेव मांडवात का पी.टी. कराले उभा राह्यते?"

भिवाजी मात्र खुलला. बुद्धविहारापुढच्या मांडवात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात असणार, तेव्हा पांढरे बूट शोभतीलच. शिवाय जावयाने नेमकी त्याच्या हातखंड्याची गोष्ट मागितली होती. मापाचा कागद त्याने उलगडला नाही. माप पाहणं दुकानदाराचं काम, बूट पारखणं आपलं. कागद घडीसकट खिशात घालून तो सकाळच्या गाडीने कारंज्याला आला होता.

सहावा जोड बदरुद्दीनने माळ्यावरून काढला. पांढराशुभ्र, लेसचा, पुढे रबराची टोपी, तळाला बारीक खाचा. भिवाजीने तो वाकवला. बूट टुणकन सरळ झाला. त्याने खाचांवरून अंगठा फिरवला, आत हात घालून शिवण चाचपली, मग हात लांब करून, डोळे बारीक करून दुरून पाहिला.

"हा मुरमावर घसरत नाई," तो म्हणाला. "आन धुतला का कोनाच्याबी लग्नात चालते. असा पायजे."

"सुटलो बा," बदरुद्दीन म्हणाला. "आना माप."

कागद फळीवर पसरून त्याने आपली खुणांची लाकडी पट्टी त्यावर ठेवली. पुन्हा ठेवली. मग चष्म्यावरून भिवाजीकडे पाहिलं.

"नंबर चार. जवाईबापू लहान हायेत का?"

भिवाजीला ते झोंबलं. जगदेव दारातून आत येताना वाकला होता, वाकूनही चौकट डोक्याला लागली होती. कागदाचं माप चुकलं असेल, आठ नंबर द्या, तो घुश्शातच म्हणाला. बदरुद्दीनने सांगितलं की कागद चुकत नाही, काढणारा चुकतो, पण इतका कोणीच चुकत नाही. नवरदेव लग्नात लंगडला तर माझं नाव घेऊ नका, असं बजावून त्याने कागद भिवाजीकडे सरकवला.

भिवाजीने तो पहिल्यांदाच नीट पाहिला.

रेघ निळी होती. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल त्याच्या खिशात नेहमी असायची, शाळेतली. आठ दिवसांपूर्वी जगदेवची बहीण लिलाबाई इंझोरीहून पोलक्याचं माप न्यायला आली, तेव्हा तिने ती त्याच्याचकडून मागून घेतली होती. तो तेव्हा शाळेची घंटा द्यायला निघून गेला होता.

त्याने कागद उजेडाकडे वळवला. टाच, तळव्याची खोलगट बाजू, अंगठा, त्याच्याजवळची तीन बोटं. करंगळीपाशी रेघ बाहेर वळायला हवी होती, ती वळली नव्हती. सरळ खाली उतरली होती.

भिवाजी बाकावर बसला. त्याने कागद मांडीवर ठेवला आणि त्या पायावर आपला तळहात पसरला. चुन्याने भेगाळलेल्या त्याच्या पंजाखाली तो पाय जेमतेम झाकला गेला. बदरुद्दीन काहीतरी विचारत होता, ते त्याला ऐकू येत नव्हतं. बैठकीत जगदेवने हलवलेली मान त्याला दिसत होती. तेव्हा त्याला ती होकाराची वाटली होती. पोराने त्याचा खोटेपणा तिथल्या तिथे ओळखला होता, आणि चारचौघांत त्याला उघडं पाडलं नव्हतं.

"चार नंबरच द्या," तो म्हणाला.

"आन जवाईबापूले?"

"त्यायनंच सांगतले हे." भिवाजीची मान ताठ होती. "माह्या पोरीसाठी. जिल्ह्यात पयली येते ते."

माळ्यावरून चार नंबरचा जोड काढून बदरुद्दीनने स्वतःच्या हाताने लेस ओवली, भोकाभोकातून सारखी ओढली आणि बूट खोक्यात नव्हे, तर भिवाजीच्या हातात दिले.

घरी भागिरथाला सगळं दोनदा सांगावं लागलं. ऐकून झाल्यावर तिने मापाचा कागद हातात घेऊन करंगळीच्या जागेवरून बोट फिरवलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाली की आता काही झालं तरी त्या पोराला करकर वाजणारेच बूट द्यायचे, पत्रात काही का लिहिलेलं असेना.

अंजना चुलीपाशी होती. लिलाबाईने पायाचं माप चपलांसाठी म्हणून नेलं होतं, एवढंच तिला माहीत. भिवाजीने बूट तिच्यापुढे ठेवले. तिने आधी बुटांकडे पाहिलं, मग बापाकडे.

"सकाळी ग्राउंडवर जाशीन तवा घालून पाह्य," तो म्हणाला. "चावले तं बदलून आनतो."

"तुमी तं नाई म्हनलं होतं, बाबा."

"चुकलो होतो मी."

उन्हाळी सुट्ट्या लागल्या होत्या. मैदान आखायचं काही कारण नव्हतं. तरी तांबडं फुटायच्या आधी भिवाजीने पोतं खांद्यावर घेतलं आणि पुरतं वळण आखून काढलं, जिल्ह्याच्या शर्यतीला आखायचा तितकंच रेखीव. मग तो शाळेच्या पायरीवर येऊन बसला. थोड्या वेळाने पांढरे बूट फक्कीच्या कडेने पळू लागले. पहिल्या चकरेला जरा जपून, दुसरीला बिनधास्त. भिवाजी मोजत नव्हता. मोजायची सवय असूनही नव्हता.

पाचव्या की सहाव्या चकरेला त्याने खिशातून पोस्टकार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं: बूट घेतले. माप बरोबर आलं.

खाली बरीच जागा उरली होती. त्याने मैदानाकडे पाहिलं, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि आणखी दोन ओळी लिहिल्या.

तुम्ही घरी आला तेव्हा एक विचारलं होतं.

पळते.