फळीवरचे कुलूप

किल्ली पुन्हा खाली पडली.

"नाही जमत हो, मॅडम," काका म्हणाले आणि त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे चोरून पाहिले.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, असे विचारणाऱ्यांना मी सांगते, लकवा मारलेल्या हाताला शर्टाची बटणे, चहाचा कप, दाराची कडी पुन्हा शिकवायची. त्यासाठी माझ्या टेबलावर एक फळी आहे. तिच्यावर कड्या, नळ आणि एक कुलूप. कुणाचा हात कुठवर सुधारेल याचा माझा अंदाज सहसा चुकत नाही, असे वॉर्डात म्हणतात. काकांचा हात चालू लागेल, हे मी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. आणि आज, सारा जन्म कुलपे दुरुस्त करण्यात घालवलेल्या या माणसाला कुलूपच उघडता येत नव्हते.

"ते एकटे राहू शकतील का, एवढंच सांगा," मुलगा म्हणाला. "मला परवा परत जायचंय." तेवढ्यात फोन वाजला म्हणून तो बाहेर गेला.

मी हात धुवायला वळले. बेसिनवरच्या आरशात पाहते तर काकांचा तोच लकव्याचा हात कुलपाशी चाळा करीत होता. किल्ली किंचित मागे ओढून त्यांनी फिरवली. मलाही कधी एका दमात दाद न देणारे ते कुलूप निमूट उघडले.

"नाटक बरं जमतं तुम्हाला," मी म्हणाले.

ते ओशाळले. घाईघाईने कुलूप पुन्हा लावत म्हणाले, "उघडता येतं हो. पण उघडून आत गेल्यावर बोलायचं कुणाशी? तुम्ही नाही म्हणालात, तर नेईल तो मला सोबत."

मला राग यायला हवा होता. पण माझ्याही दाराला संध्याकाळी कुलूपच असते. मुलगा परत आला तेव्हा मी धडधडीत खोटे बोलले, "एकटे नाही राहू शकणार."

त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "आमच्याकडे जागेची अडचण आहे. एखादा चांगला वृद्धाश्रम बघावा लागेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याच हाताने किल्ली उचलली, कुलपात घातली, किंचित मागे ओढली आणि फिरवली.

"जमतं रे मला," ते म्हणाले. "मॅडमचा अंदाज चुकला."

"मग प्रश्नच मिटला की, बाबा," मुलगा म्हणाला. त्याला मनापासून हायसे वाटले होते.

जाताना काकांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "थोडं तेल सोडा आत. किती दिवस अडतंय बिचारं."

त्या संध्याकाळी मी घरी तेल शोधून माझ्याच दाराच्या कुलपात सोडले. किल्ली अजिबात आवाज न करता फिरली. पूर्वी निदान ती खडखडायची.