धाकटीच्या देशाचा नंबर वर

देशोदेशीच्या शाळकरी मुलांना गणित किती येतं, याची तुलना पेपरात छापून आली होती. धाकटी बहीण परदेशी स्थायिक झाली होती; तिचा देश वर होता आणि आपला पार तळाशी. जन्मभर गणित शिकवलेल्या थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. घराण्यात गणित म्हणजे ताई, हा तिचा मान होता. धाकटीला अपूर्णांकसुद्धा तिनेच शिकवले होते, रडवून रडवून.

संध्याकाळी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला.

"ताई, वाचलंस का गं?"

"वाचलं! आण तुझ्या नातीला पुढे. आत्ताच होऊन जाऊ दे!"

दोघींच्या नाती समोरासमोर बसल्या. थोरलीने विचारलं, "तीन मीटर फितीचे पाव-पाव मीटरचे तुकडे किती होतील?"

"बारा!" तिची नात ताडकन म्हणाली. "उलटं करून गुणायचं." थोरलीची मान ताठ झाली.

पलीकडची अजून कागदाची पट्टी दुमडत होती. "बाराच," ती सावकाश म्हणाली. "एका मीटरात चार बसतात ना. पण उलटं का करायचं?"

थोरलीची नात आजीच्या तोंडाकडे बघू लागली.

"करायचं म्हणजे करायचं!" थोरली म्हणाली. वर्गातही ती हेच सांगत आली होती.

नात फोनजवळ सरकली. "मावशीआजी, हिला तू शिकवलंस? मलाही शिकव ना."

धाकटी हसली नाही, नुसती कागद शोधू लागली. तेच थोरलीला फार झोंबलं. हसली असती, तर भांडता तरी आलं असतं.