हिरव्या कागदावरचं एक अक्षर

मित्रांनो, मी जुना झालोय म्हणतात, पण वय विचाराल तर जेमतेम वर्षाचा. मोटारीच्या पुढच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात लावायचा विम्याचा हिरवा कागद मी. फ्रान्समधल्या प्रत्येक गाडीवर आमच्यापैकी कोणीतरी असायचंच.

युगेतबाईंनी मला पाकिटातून काढून त्यांच्या पांढऱ्या मोटारीवर बसवलं. माझं तोंड रस्त्याकडे, पाठ माणसांकडे. बाई आणि त्यांचा नवरा गास्तों मला नुसते ऐकू यायचे. बाहेरचे चेहरे मात्र खूप पाहिले. पोलीस वाकायचे, हिरवा रंग आणि तारीख बघून हात हलवायचे. गाडी सुटायची. मला फार अभिमान वाटायचा.

मग एप्रिलात नियम बदलला. काचेवर कागद नको. गाडीचा नंबर टाकला की विमा आहे की नाही, ते पोलिसांना यंत्राच्या पडद्यावर दिसणार.

"काढ आता ते," गास्तों म्हणाला.

"असू दे. तो पडदा मी कुठे पाहिलाय?" बाई म्हणाल्या.

कसा असेल तो पडदा? मलाही फार कुतूहल होतं.

जूनमध्ये गास्तोंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. किती महिने वाट पाहून तारीख मिळालेली. शहराच्या अलीकडच्या चौकात अनाइस नावाच्या तरुण पोलीसबाईने गाडी थांबवली. तिने हातातल्या यंत्रात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, या गाडीचा विमा नाही."

"नाही कसा? हा काय समोर लावलाय!"

"तो कागद आता धरत नाहीत. गाडी इथेच ठेवावी लागेल."

"अहो, याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे! आज चुकलं तर परत कधी बोलावतील?"

"भांडू नकोस, युगेत. मी जातो चालत," गास्तों म्हणाला.

"चालत? समोरचा खांब तरी दिसतो का तुला?"

अनाइसला हसू आलं. ती माझ्यासमोर वाकली आणि, मित्रांनो, पहिल्यांदाच कोणीतरी मला अक्षर अक्षर वाचलं. मग ती गाडीच्या नंबराच्या पाटीकडे गेली, परत आली.

"पाटीवर डी आहे. कागदावरच्या नंबरात बी."

मी चरकलो. पाटी माझ्या खालीच होती, पण मला ती कधी दिसलीच नव्हती. युगेतबाईंनी विमा कंपनीला फोन लावला. गाडीचा नंबर फोनवर लिहून घेताना कोणीतरी एक अक्षर चुकीचं ऐकलं होतं. विमा खरा होता, पण जगात नसलेल्या गाडीच्या नावावर. इतक्या पोलिसांनी मला पाहिलं. कोणाच्याच लक्षात आलं नाही. चूक पकडली ती पडद्याने.

कंपनीने नोंद दुरुस्त करायला घेतली. अनाइस स्वतः त्यांच्याशी बोलली आणि म्हणाली, "निघा आता. आणि बाई, हळू चालवा हं!"

ऑपरेशन वेळेवर झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी युगेतबाई मला नखाने खरवडू लागल्या.

"राहू दे ना," गास्तों म्हणाला. "सवय झालीय त्याची."

"कशाला? इतके दिवस याला पोलिसांनी बघितलं. आता मोकळ्या काचेतून तू बाहेर बघ."

मी सुटून त्यांच्या तळहातावर आलो आणि पहिल्यांदा दोघांचे चेहरे पाहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर रस्त्याच्या कडेला सूर्यफुलं उभी होती, ती बघत होते. मित्रांनो, मला जपून ठेवू नका; पण जे रोज डोळ्यांसमोर असतं, ते एकदा तरी नीट वाचा.