जादा दहा मिनिटं

प्रोग्रामर मुलीने लॅपटॉप व्हॉल्वमनच्या स्टुलावर ठेवला. पंपघरात बसायला दुसरं काही नव्हतं, त्यामुळे तो उभाच राहिला.

"काका, चढावरच्या गल्लीला रोज दहा मिनिटं जास्त पाणी जातं. एजंट कारण विचारतोय."

हा एजंट म्हणजे कॉम्प्युटरमधला नवा कारभारी. आठवडाभर ती मुलगी त्याला एकेक गोष्ट जोडून देत होती. आधी पंपाचा दाब, मग व्हॉल्व फिरवणाऱ्या मोटारी, मग व्हॉल्वमनने तीस वर्षं लिहिलेली नोंदवही. उद्यापासून पाणी एजंटच सोडणार आणि तोच बंद करणार. व्हॉल्वमनने फक्त देखरेख करायची, म्हणजे हाताची घडी घालून बघत राहायचं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, गुडघे कधीचे कुरकुरत होते. पण दहा मिनिटांचा विषय त्याला नको होता.

"चढ आहे," तो म्हणाला. "शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचत नाही."

"सहा वर्षांपूर्वी पोचत नसेल. मोठा पंप बसल्यापासून पाचव्या मिनिटाला पोचतं. हा बघा दाब."

त्याने बघितलं नाही. ते त्याला नवा पंप सुरू झाला त्याच दिवशी कळलं होतं.

शेवटच्या घरात त्याची ताई राहायची. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा बहीणभावाचं कशावरून तरी बिनसलेलं होतं आणि रागाच्या भरात त्याने ताईला निरोप उशिरा धाडला. ती पोचली तोवर सगळं उरकलं होतं. ती आल्या पावली परत गेली. चूक आपली, हे त्याला तेव्हाच कळलं, पण माफी मागायला जीभ रेटेना. मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं. सातला बंद करायचा व्हॉल्व तो सात-दहाला बंद करायला लागला. एवढ्यावर त्याने अकरा वर्षं मनाची समजूत घातली होती.

"कारण नाही लिहिलं तर?"

"तर उद्यापासून सातला बंद. आणि काहीतरी ठोकून दिलंत तर दाब बघून तो परत विचारणार. भारी चिकट आहे." ती हसली. "थांबा, घरोघरची मीटरं तेवढी जोडते. दोन वर्षं बिचारी आकडे पाठवतायत, वाचायला कोणाला सवड नव्हती. कोणाला खरंच गरज असेल तर दिसेलच."

ती बराच वेळ काहीबाही टाइप करत राहिली. मग थांबली आणि पडद्याजवळ झुकली.

"कमाल आहे. सगळी गल्ली सहाला नळ सोडते आणि साडेसहाला टाक्या भरून मोकळी होते. शेवटच्या घरात सातपर्यंत थेंब नाही. सात वाजले की नळ सुरू, सात-दहाला बंद."

"मीटर बिघडलं असेल."

"बिघडलेलं मीटर रोज सात वाजायची वाट कशाला बघेल, काका? एक दिवस चुकलेला नाही. तासभर भरपूर पाणी असतं तेव्हा घेत नाहीत, जादाचं तेवढं घेतात."

आता त्याने बघितलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मागच्या वर्षीचं दाखव."

"तसंच आहे."

"त्याआधीचं?"

"मीटरच दोन वर्षांपूर्वी बसलंय."

तो दारातल्या पायरीवर बसला. ताईला माहीत होतं. कधीपासून, ते मीटरला सांगता येत नव्हतं. तो बाहेरच बघत राहिला.

"मग कारण काय लिहू?" मुलीने विचारलं.

"काही लिहू नकोस. सातलाच बंद होऊ दे."

"मग त्या घराला कळवायला हवं. नाहीतर उद्या सातला नळ उघडतील आणि कोरडे बसतील. एजंटला मेसेज पाठवता येतो. पाठवू?"

"नको." त्याने चपला पायात सरकवल्या. "मी सांगून येतो."

"अहो, एका सेकंदात जाईल."

"जाईल गं. पण हा निरोप मला नेऊ दे."

व्हॉल्व गल्लीच्या तोंडाशीच होता. त्याच्या पुढे तो अकरा वर्षांत गेला नव्हता. चढाच्या निम्म्यावर एकदा दम खायला थांबला, तेव्हा काय बोलायचं ते मनाशी दोनदा घोकून घेतलं. मग शेवटच्या दाराची कडी वाजवली.

ताईने दार उघडलं. केस पार पांढरे झाले होते. घोकलेलं सगळं तो विसरला. तिने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आज नऊच मिनिटं सोडलंस," ती म्हणाली.